नायिकेला विचारले का?

गेल्या वर्षी शाबान महिन्यात आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. तिच्या हातात वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक जाडसर पुस्तक होते. घरातले सगळे झोपल्यावर मुलगी मोबाइलच्या उजेडात ते वाचताना सापडली होती. बाई रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. तिने एवढेच विचारले, "टीचर, मैं तो पढ़ नहीं सकती. आप देखके बोलो, किताब अच्छी है ना? खराब तो नहीं?"

आम्ही कव्हर काढून पाहिले. फरहत इश्तियाक यांची 'हमसफर' होती, आमची पूर्वी वाचलेली. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "बेफिक्र रहिए. साफ-सुथरी किताब है. पढ़ने दीजिए." बाईच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. दुवा देऊन ती निघून गेली.

त्या रात्री आम्ही 'हमसफर' पुन्हा वाचायला घेतली आणि दोन दिवसांत संपवली. संपवल्यावर मात्र आपण दिलेल्या दाखल्याची आम्हाला लाज वाटली. कादंबरीत वावगे काही निघाले म्हणून नव्हे. आपण तिच्यात काय शोधले आणि काय शोधायचेच राहून गेले, ते ध्यानात आले म्हणून. हा लेख म्हणजे त्या दाखल्याची दुरुस्ती आहे.

आपल्या घरांत प्रेमकथेची पारख करण्याची एकच रीत चालत आलेली आहे. तिच्यात काय नाही ते पाहायचे. लगट नाही, पळून जाणे नाही, दारू नाही, शेवटी लग्न आहे, झाले, कादंबरी सोज्वळ. शेजारच्या मराठी हिंदू घरांतही फार निराळे नाही. ही रीत तांदूळ निवडण्यासारखी आहे. खडे वेचून काढले की निवडणाऱ्याचे काम संपले. तांदूळ शिजल्यावर कसा लागेल, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

या रीतीने केलेली पारख कशी फसते, याचे एक मराठी उदाहरण आहे. चंद्रकांत काकोडकर हे एके काळी वाचनालयांतून भरपूर वाचले जाणारे कादंबरीकार. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखकाला निर्दोष ठरवले, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली काकोडकर सुटले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, कथेचा वाङ्मयीन दर्जा बेताचा असेल, पण ती अश्लील नाही; आणि स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेखही किशोरवयीन मुलांना वर्ज्य ठरवायचा असेल, तर त्यांना धार्मिक पुस्तकांखेरीज दुसरे काहीच वाचता येणार नाही. याच १९६९ साली राज खोसला यांचा 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला. आई-वडील, मुलेबाळे, सासवा-सुना असे सगळे घर मिळून ज्या प्रकारचे चित्रपट पाहत, त्यांतलाच हा एक. त्याची कथा होती काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरची. म्हणजे लेखक एकच, वर्षही एकच. एकीकडे कोर्टात अश्लील की नाही याचा निवाडा, दुसरीकडे सहकुटुंब चित्रपटाची कथा. तेव्हा लेखकाच्या नावावरून किंवा गाळलेल्या प्रसंगांवरून पुस्तकाची जात ठरत नाही, एवढे तरी मान्य करायला हरकत नसावी.

मग ती कशावरून ठरवावी? 'हमसफर'कडेच पुन्हा वळू.

या कादंबरीवरून निघालेली मालिका २०११-१२ मध्ये पाकिस्तानात गाजली, आणि २०१४ साली 'जिंदगी' वाहिनीवरून आपल्याकडेही घरोघर पाहिली गेली. त्यामुळे कथा बहुतेकांना ठाऊक असेल. खिरदची आई असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्या डोळ्यांदेखत मुलीचे व्हावे म्हणून मामाचा मुलगा अशर याच्याशी खिरदचा निकाह घाईघाईने लावला जातो. दोघांच्याही मनात तो नाही. पुढे ओढ निर्माण होते, संसार फुलतो. सासूला ही साध्या घरातली सून नको आहे. तिच्या कारस्थानाने खिरदवर खोटा आळ येतो आणि गरोदर असताना तिला घर सोडावे लागते. काही वर्षांनी आजारी मुलीच्या उपचारासाठी ती अशरच्या दारात उभी राहते. शेवटी खोटे उघडे पडते आणि दोघे एकत्र येतात.

आमच्या जुन्या चाळणीत यातला एकही खडा अडकत नाही. तरी प्रश्न उरतात. निकाहच्या वेळी खिरदने होकार दिला, तो कुणाला दिला? अशरला, की मरणाऱ्या आईला? आळ आला तेव्हा अशरने सगळ्यांचे ऐकले. जिच्याशी आपण संसार केला तिला त्याने नीट बसवून विचारले का? आणि शेवटी त्याला पश्चात्ताप झाला म्हणून तिने परत यायचे, हे कुणी ठरवले? तिने, की वाचकाला गोड शेवट हवा असतो म्हणून लेखिकेने? फरहत इश्तियाक यांची लेखणी सफाईदार आहे, वाचक जागचा हलत नाही, हे आम्ही नाकारत नाही. खिरदचा स्वाभिमानही त्यांनी मनापासून रंगवला आहे. पण पंधरा वर्षांची मुलगी या कादंबरीतून काय उचलते? खरी मोहब्बत म्हणजे निमूट सोसणे, आणि सोसण्याचे फळ म्हणजे नवऱ्याचा पश्चात्ताप. एवढा विचार आम्ही त्या अम्मीला दाखला देण्यापूर्वी केला नव्हता.

ही कसोटी आम्ही परक्या शास्त्रातून आणलेली नाही. ती आपल्या प्रत्येक लग्नघरात असते. निकाह होताना वकील आणि साक्षीदार आधी मुलीकडे जातात, महेर सांगतात, तिची इजाजत घेतात. तिच्या इजाजतीशिवाय पुढचे पाऊल नाही. बरीरा (रजि.) यांची हकिगत सहीह बुखारीत आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर पती मुगीस यांच्यासोबत राहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. मुगीस त्यांच्या मागे मदीनेच्या गल्ल्यांतून रडत फिरत, अश्रूंनी दाढी भिजून जाई. प्रेषितांना (स.) त्यांची कणव आली आणि त्यांनी बरीरांकडे शब्द टाकला. बरीरांनी विचारले, हा हुकूम आहे का? हुकूम नाही, शिफारस आहे, असे उत्तर आल्यावर त्यांनी नकार दिला. तो नकार मानला गेला. प्रेम खरे होते, अश्रू खरे होते, शिफारस करणारे तर सर्वश्रेष्ठ होते. तरीही तिचे 'नाही' हे 'नाही'च राहिले. याहून मोठी साक्ष आम्हाला नको.

यावर कुणी म्हणेल, कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, असेही हदीसमध्ये आले आहे. आले आहे. लाजेने जिला बोलवत नाही, तिच्यासाठी ती सवलत आहे. पण व्यवहारात त्या मौनाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. बाहेर बसलेल्या काझींना आणि साक्षीदारांना मौनाच्या आत शिरता येत नाही. कादंबरीकाराला येते. किंबहुना कादंबरीकाराचे खरे काम तेच आहे. खाली मान घालून बसलेल्या मुलीच्या मनात त्या वेळी आनंद आहे, भीती आहे, की नुसता थकवा आहे, हे तिने आम्हाला सांगावे. ज्या प्रेमकथेत हे सांगितलेले नसते, ती कितीही सोवळी असो, अपुरीच असते.

हलक्याफुलक्या प्रेमकथेचा वस्तुपाठ म्हणून जिच्याकडे जगभर पाहिले जाते, ती जेन ऑस्टेन यांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ सालची. तिच्यात 'नाही' या शब्दाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. कॉलिन्स हा आढ्यतेखोर पाद्री एलिझाबेथला मागणी घालतो. ती नकार देते. तो ऐकतच नाही. बायकांना आधी 'नाही' म्हणायची रीतच असते, अशी त्याची ठाम समजूत. आपल्या चित्रपटांतल्या कित्येक नायकांची हीच समजूत आहे; फरक एवढाच की आपण त्याला नायक केले आणि ऑस्टेनबाईंनी त्याला विदूषक केले. पुढे डार्सी मागणी घालतो. तो श्रीमंत, देखणा, खरोखर प्रेमात पडलेला. एलिझाबेथ त्यालाही नकार देते आणि कारणेही तोंडावर सुनावते. डार्सी तो नकार मनावर घेतो, स्वतःचे वागणे तपासतो आणि दुसऱ्यांदा विचारताना म्हणतो की, तुझे मन बदलले नसेल तर एका शब्दात सांग, मी पुन्हा हा विषय काढणार नाही. कादंबरीचा उत्तरार्ध बहुतेक या दोन मागण्यांच्या मधल्या अंतरात घडतो. एलिझाबेथच्या मैत्रिणीचे, शार्लटचे, उदाहरणही विसरता येत नाही. सत्तावीस वर्षांची, पैसा नसलेली शार्लट त्याच कॉलिन्सला होकार देते. तिला घर हवे आहे, आणि लेखिका ते झाकून ठेवत नाही. प्रेमाचा होकार आणि नाइलाजाचा होकार, दोन्ही वाचकापुढे उघडे ठेवलेले आहेत.

आणखी एक गोष्ट. नाचाच्या समारंभात डार्सी आपल्याबद्दल तुच्छतेने बोलला हे एलिझाबेथच्या कानावर पडते. ती रडत नाही. मैत्रिणींना तीच गोष्ट हसून सांगते. आमच्या मते 'हलकेफुलके' या शब्दाचा अर्थ इथे सापडतो. जिला भीती वाटत नाही तीच अशी हसू शकते. 'हमसफर'मध्ये खिरदच्या वाट्याला असे हसू फारसे येत नाही, कारण तिचा पायच जमिनीवर टेकलेला नाही. ती कायम दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मर्जीवर उभी आहे. तेव्हा विनोद ही प्रेमकथेत वरून पेरलेली कोथिंबीर नव्हे. नायिकेला कथेत किती मोकळीक आहे, ते तिच्या हसण्यावरून कळते.

याच मोजमापाने उमेरा अहमद यांची 'जिंदगी गुलजार है' अधिक भरते. कशफ आणि जारून यांच्या रोजनिशीच्या पानांतून ती सांगितली आहे. त्यामुळे नायिकेच्या मौनात काय चालले आहे, ते आपल्याला तिच्याच शब्दांत कळते. मालिकेत कशफच्या वडिलांनी मुलगा हवा म्हणून दुसरे लग्न केलेले. शाळेत शिकवणाऱ्या आईने तिघी मुलींना वाढवलेले. कशफ शिकते, मोठ्या सरकारी नोकरीत जाते. श्रीमंत जारूनची मागणी आली तेव्हा ती आधी सरळ नकार देते. ती एलिझाबेथसारखी हसत नाही, पण तिच्या तिखटपणालाही एक धार आहे, आणि वाचणाऱ्या मुलीला तो आवडतो. उणीव आहे ती अशी: तिचा नकार फिरवण्याचे काम मोठ्या माणसांच्या समजावण्यावर सोपवलेले आहे. मालिकेत तर जारूनची पहिली मंगेतर असमारा केवळ मोकळेपणाने वावरते म्हणून बाजूला पडते, आणि आम्ही कशफच्या बाजूने टाळ्या वाजवत राहतो. एकीला मान द्यायचा म्हणून दुसरीला खाली ढकलणे हे काही निर्मळ मनाचे लक्षण नव्हे. तरीही दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या तर आमच्या मुलींच्या हाती आधी कशफ जावी असे आम्हाला वाटते.

इथपर्यंत सगळी चर्चा उर्दू आणि इंग्रजी पुस्तकांची झाली. हा अंक मराठी आहे, आणि आमची खरी तक्रार इथेच सुरू होते.

आमची अम्मी कोकणातली, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन मुंबईत आल्यावर तिने गिरगावातल्या एका लायब्ररीची वर्गणी सुरू केली होती. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, एका वेळी एक पुस्तक आणायचे. जाड दोऱ्याने शिवलेली, खाकी पुठ्ठ्याची ती पुस्तके. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के, आणि समासात कुणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने लिहिलेले 'छान' किंवा 'रटाळ'. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत अशा लायब्रऱ्या गल्लोगल्ली होत्या. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या मोठ्या संस्था होत्या त्या वेगळ्याच. अर्नाळकरांच्या रहस्यकथा, फडक्यांच्या आणि काकोडकरांच्या कादंबऱ्या, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे यांच्या कादंबऱ्या तिथून घरोघर जात. बाया स्वयंपाक आटोपून त्या वाचत.

ना. सी. फडके (१८९४–१९७८) हे या दालनाचे बादशहा. त्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरी कशी रचावी याचे शास्त्र सांगितले, १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांची रचना रेखीव, भाषा गुळगुळीत. आणि शिकलेली मुलगी स्वतःच्या मनाने जोडीदार निवडू शकते, ही गोष्ट त्यांनी मराठी वाचकाला सहज वाटायला लावली. त्या काळात हे थोडे नव्हते. समीक्षकांनी त्यांच्यावर वास्तवापासून पळाल्याचा आरोप केला. आमच्या अम्मीने एकही समीक्षक वाचलेला नव्हता. फडक्यांचे एक पुस्तक मिटताना ती म्हणाली होती, "गोष्ट चांगली आहे. पण या पोरी पाणी कधी भरतात?" चाळीत पहाटे नळ यायचा आणि तासाभरात जायचा. त्या तासाभराची ज्या प्रेमकथेत गंधवार्ता नाही, ती तिला परक्या गावची वाटली. फडक्यांवरची इतकी नेमकी टीका आम्ही पुढे पाठ्यपुस्तकांतही वाचली नाही.

फडक्यांची पहिली कादंबरी १९१७ सालची. तिचे नाव 'अल्ला हो अकबर!' मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवरून ती घेतलेली. रंजनाच्या मराठी कादंबरीच्या या बादशहाने पहिल्याच पुस्तकाच्या नावात आमची रोजची हाक घ्यावी, आणि पुढे त्यांच्या आम्ही वाचलेल्या एकाही प्रेमकथेत आमच्या घराचा उंबरा दिसू नये, हा योगायोग आम्हाला नेहमी बोचतो. बाकीच्यांच्या पुस्तकांतही आम्ही भेटलो ते टांगेवाले म्हणून, गाणारीण म्हणून, फार तर वेळेला धावून येणारे चाचा म्हणून. प्रेमात पडणारी, रुसणारी, थट्टा करणारी मुसलमान मुलगी त्या खाकी पुठ्ठ्यात आमच्या अम्मीला कधी भेटली नाही.

हा दोष एकट्या त्या लेखकांचा नाही. आमचे लेखक पुढे आले तेव्हा त्यांच्यासमोर मोठी कामे होती. हमीद दलवाई यांची 'इंधन' १९६५ ची. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. दोनच वर्षांनी मुंबई पेटली. दारिद्र्य, तलाक, दंगल, संशयाची नजर, ओळखीचा प्रश्न यांवर आमच्या कवींनी आणि कथाकारांनी लिहिले. ते लिहिलेच पाहिजे होते. परंतु या सगळ्यात आपली मुलगी साहित्यात आली ती एक प्रश्न म्हणून आली. तिच्यावर अन्याय होतो, तिची कीव केली जाते, तिच्यावतीने कुणीतरी बोलते. ती दुपारी मैत्रिणीच्या खांद्यावर डोके टेकून फिदीफिदी हसतेसुद्धा, हे लिहायचे राहून गेले. लेखकांना वाटले असेल, हे काय लिहायचे, हे तर हलके साहित्य. आम्हाला वाटते, ज्या समाजाच्या वाट्याला साहित्यात फक्त दुःखच येते, त्याला शेजारीही माणूस म्हणून न ओळखता प्रकरण म्हणून ओळखू लागतो.

अशी कथा लिहिण्यासारखे मुंबईत काय नाही? दहा बाय बाराची खोली, तिच्यात सात माणसे. फडक्यांच्या नायकाला टेनिसचे मैदान होते, मोटार होती. आपल्या नायकाला उभे राहायला जिन्याचा कठडा आहे, आणि तिथेही वरच्या मजल्यावरची खाला खाली डोकावते आहे. दोन माणसांना एकांतच मिळत नसेल तर त्यांना सगळ्यांदेखत असे बोलावे लागते, की ऐकणाऱ्याला थट्टा वाटावी आणि ज्याला कळायचे त्याला कळावे. विनोद जन्माला यायला याहून चांगली जागा कोणती? मुलगी परळच्या इस्पितळात परिचारिका असेल, दादरच्या दुकानात हिशेब लिहीत असेल. इफ्तारच्या वेळेला बसमध्ये अडकलेल्या तिला कुणीतरी एक खजूर पुढे करील, आणि ती म्हणेल, "माझ्याकडे आहे." पुढचे तीनशे पान त्या नकारावर चालू शकतील.

उर्दू माध्यमातल्या आमच्या मुली मराठी शिकतात ती बहुधा परीक्षेपुरती. पत्रलेखन, निबंध, म्हणींचे अर्थ. ज्या भाषेत त्यांना कधी कुणी हसवले नाही, ती भाषा त्यांना आपली कशी वाटणार? जाडजूड उपदेशपर पुस्तक आम्ही त्यांना दहा वेळा दिले आणि दहा वेळा ते न वाचता परत आले. चोरून वाचावेसे वाटेल असे एक तरी मराठी पुस्तक त्यांच्यासाठी हवे.

त्या अम्मीला आम्ही नंतर पुन्हा बोलावून घेतले. सांगितले की, त्या दिवशी आम्ही घाईने बोललो. किताब खराब नाही, पण मुलीने ती वाचल्यावर तिच्याशी चार गोष्टी बोलायला हव्यात. या मुलीला कुणी विचारले का? तिने 'नाही' म्हटल्यावर काय झाले? ती कधी मनापासून हसली का? आणि घरचे पाणी कोण भरत होते? बाईने शांतपणे ऐकून घेतले. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "टीचर, मुझे किसीने नहीं पूछा था." तक्रारीच्या सुरात नव्हे, एखादी विसरलेली वस्तू कुठे ठेवली होती ते अचानक आठवावे, तशी ती बोलली.

जाताना तिने आमच्याकडून 'जिंदगी गुलजार है' मागून नेली. मुलगी रोज रात्री तिला वाचून दाखवते म्हणे, दिवा लावून. पुस्तक अजून परत आलेले नाही, आणि आम्हीही मागितलेले नाही. ते परत येईल तेव्हा त्या जागी ठेवायला एखादे मराठी पुस्तक आपल्यापैकी कुणीतरी लिहिलेले असावे, एवढीच या अंकाच्या लेखक-लेखिकांकडे आमची विनंती आहे.